तस्कराच्या हातातली विभूती



मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. वडिलांच्या वेळेपासूनचा हा परिपाठ आहे. आता आवाज पूर्वीसारखा लागत नाही, चष्मा लावूनही मधेच ओळ सुटते, पण सप्ताह चुकवलेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात दहावा अध्याय येतो आणि दरवर्षी तिथे माझे मन अडते. का अडते ते सांगायचे तर थोडे स्वतःच्या पापाचेही सांगावे लागेल. उत्सवाच्या अंकात असले कशाला, असे मुलगा म्हणाला. पण महाराजांपुढे नाही सांगायचे तर कोणापुढे सांगायचे?

अध्याय सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कथा थोडक्यात सांगतो. वल्लभेश नावाचा ब्राह्मण व्यापार करी. व्यापारात लाभ झाला तर कुरवपुरास जाऊन सहस्रभोजन घालीन, असा नवस तो बोलला. लाभ झाला, तोही अपेक्षेपेक्षा कितीतरी पट. द्रव्य बरोबर घेऊन तो निघाला. वाटेत चोर भेटले, आम्हीही कुरवपुरालाच निघालोय म्हणाले, गोड बोलून सोबत चालू लागले आणि रात्री त्यांनी त्याची मान तोडली. भक्ताच्या रक्षणासाठी श्रीपाद श्रीवल्लभ जटाधारी रूपात त्रिशूळ घेऊन प्रकटले. त्यांनी चोरांना मारले. त्यातला एकजण मात्र पाया पडला. मी यांच्याबरोबर नकळत आलो, जीव घ्यायचा बेत मला माहीत नव्हता, तुम्ही सर्वांच्या मनातले जाणता, असे त्याने विनवले. महाराजांनी त्याला अभय दिले.

आता इथे बहुतेक श्रोते विचारतात, एकालाच का सोडले? याचे उत्तर सोपे आहे. ज्याने सुरी चालवली तो आणि जो नुसता सोबत होता तो, दोघांचा दोष सारखा नाही. आमच्या कोर्टातही हेच तर तपासतात. माहीत होते का, इरादा होता का, हात कोणाचा होता. यात नवल काही नाही.

माझे मन अडते ते पुढच्या ओवीशी. महाराजांनी विभूती त्या वाचलेल्या तस्कराच्याच हातावर दिली आणि त्या विप्राच्या देहावर टाक म्हणून सांगितले. मान जागेवर लागली, गळ्याला विभूती लागली, ब्राह्मण उठून बसला. उठला तो त्या तस्करालाच विचारतो, तू मला का धरले आहेस आणि यांना कोणी मारले? म्हणजे प्राण परत आले तेव्हा त्याच्या अंगाला लागलेला हात चोरांच्या टोळीतल्याच माणसाचा होता. महाराज तोवर अदृश्य झालेले. खरे काय घडले ते सांगायचे कामही त्या तस्करावरच आले.

महाराजांना हे स्वतः करता आले नसते का? नुसते मनात आणले असते तरी तो उठला असता. मग विभूती त्याच्या हातावर कशाला?

मी तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षे कारकुनी केली. त्या काळात फौजदारीची हजारो प्रकरणे हातांखालून गेली असतील. फायलीवर नाव काय असते? महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक. ज्याची म्हैस चोरीला गेली, ज्याचे डोके फुटले, त्याचे नाव कुठे? साक्षीदारांच्या यादीत. समन्स आले की त्याने एसटीने यायचे, दिवसभर बाकावर बसायचे, पुकारा झाला तर साक्ष द्यायची, नाही झाला तर पुढची तारीख घेऊन घरी जायचे. मुद्देमाल परत मिळवायला वेगळा अर्ज. निकाल लागला की आरोपी एक तर आत जातो, नाहीतर सुटतो. दंड झाला तर तो सरकारात जमा होतो. एकदा एका म्हातारीने मला विचारले होते, “भाऊसाहेब, कोंबड्या माझ्या गेल्या नि पैसे सरकारला कसे?” मी हसलो होतो. पुढे कळले की तिचा प्रश्न मोठमोठ्यांनी विचारलेला आहे. निल्स क्रिस्ती नावाचे नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1977 साली एका लेखात हेच मांडले की, दोन माणसांमधले भांडण शासनाने आणि वकिलांनी त्यांच्या हातून काढून घेतले आहे आणि यात सर्वांत जास्त नागवला जातो तो ज्याचे नुकसान झाले तो.

शासनाने हे आपल्याकडे का घेतले, त्यालाही कारण आहे बरे. नाहीतर ज्याची लाठी त्याचा न्याय. ते मी पुढे सांगतोच, कारण तसला न्याय मी डोळ्यांनी पाहिला आहे. रोह्याला दसऱ्याच्या उत्सवात श्रीधावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस दल सशस्त्र सलामी देते. लहानपणी मला त्या बंदुकांचीच मजा वाटायची. आता वाटते, शिक्षा करण्याचा अधिकार ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी तो कोणापुढे तरी उतरवावा, ही फार शहाणपणाची रीत आहे.

तर ती गोष्ट. 1974 सालची. मी नुकताच कॉलेज सोडून घरी बसलो होतो. पेण आणि रोह्याच्या मधल्या आमच्या गावात दत्ताचे छोटे कौलारू देऊळ आहे. दत्तजयंतीचा उत्सव झाला, दुसऱ्या दिवशी पुजारीबुवा पहाटे काकड्याला गेले तर दोन्ही पितळी समया नाहीत. तासाभरात गाव गोळा झाले. कोणी पाहिले, कोणाला पाहिले? आणि मी बोललो. “काल तिन्हीसांजेला तो वाडीवरचा पोरगा देवळामागं घुटमळत होता.”

हे खोटे नव्हते. तो देवळामागे होता, लाकूडफाटा वेचत होता. हेही मी पाहिले होते, पण लाकूडफाट्याचे मी बोललो नाही. का बोललो नाही याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, आपल्याला काही माहीत आहे याचा एक मोठेपणा असतो. आणि पोरगा कातकरी होता, म्हणून पुढचे कोणी विचारलेही नाही.

इंग्रजांनी 1871 साली एक कायदा केला होता, ज्यात काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. मूल जन्मले की गुन्हेगार. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षांनी, 1952 साली तो कायदा रद्द झाला. कायदा रद्द झाला, पण नजर कोण रद्द करणार? आमच्याकडे गावात काही हरवले की पहिले नाव वाडीचे. भातकापणीला, वीटभट्टीला, कोळसा पाडायला तीच माणसे लागतात आणि लोटा हरवला की तीच चोर.

पोराला आणला. वय असेल सतरा-अठरा. देवळाच्या अंगणात खांबाला बांधला. कोणी मारले त्यांची नावे लिहीत नाही, बरेचजण आता महाराजांच्या पायाशी गेले. मी मारले नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत राहिलो. मी पायरीवर उभा होतो. तो एकच वाक्य म्हणत होता, “म्या नाय नेल्या.” एक फटका त्याच्या कानावर बसला आणि तो गप्प झाला. दुपारी त्याची आई आली आणि त्याला घेऊन गेली. पोलिसांत कोणी गेले नाही, आमच्या बाजूने नाही नि त्यांच्या बाजूनेही नाही.

आठेक दिवसांनी समया पेणच्या बाजारात मोडीच्या भांड्यांत सापडल्या. विकणारा आमच्याच पंचांपैकी एकाचा पुतण्या. आकड्याच्या नादाला लागला होता, देणे झाले होते. पुन्हा पंच बसले, या वेळी घरात, दार लोटून. त्याला खांबाला बांधले नाही. घरातलंच पोर आहे, चुकलं, असे ठरले. त्याने देवापुढे नारळ ठेवला, नाक घासले, समया विकत आणून पुन्हा जागेवर ठेवल्या आणि विषय संपला. वाडीवर कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. पुढे मला कोर्टात नोकरी लागली आणि मी न्यायदानाच्या कामाला लागलो!

या गोष्टीवर विचार करताना मला नेहमी गागोदे आठवते. आपल्या पेण तालुक्यातले गागोदे, आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. तिथे 1895 साली ते जन्मले. विनोबांनी आजोबांची, म्हणजे शंभूरावांची एक आठवण सांगितली आहे. घरात राहणाऱ्या एका मुलाने गूळ चोरला. आजीने पकडून आजोबांपुढे उभा केला. आजोबा म्हणाले, ही चोरी नव्हे, न विचारता घेतला एवढेच, घर त्याचेच आहे. मग त्याला समजावले की हवा तेव्हा मागत जा. हळूहळू त्याची सवय सुटली.

हीच गोष्ट आमच्या पंचांनी पुतण्याच्या बाबतीत केली, असे कोणी म्हणेल. घरातलंच पोर आहे, हे शब्दसुद्धा तेच. मलाही बरीच वर्षे तसे वाटले. पण फरक आहे आणि तो फार मोठा आहे. शंभूरावांनी क्षमा केली ती स्वतःच्या गुळाची. गूळ त्यांचा, म्हणून सोडून द्यायचा अधिकारही त्यांचा. आमच्या पंचांनी समया सोडून दिल्या असत्या तर एकवेळ ठीक, देवाच्या वतीने देवाचे विश्वस्त बोलले असे म्हणू. पण त्या प्रकरणात नुकसान समयांचे नव्हतेच, त्या परत आल्या. नुकसान वाडीवरच्या पोराचे होते. त्याची क्षमा पंचांनी परस्पर देऊन टाकली, पुतण्याला आणि स्वतःलाही. जे आपले नाही ते दुसऱ्याला देऊन टाकणे याला आमच्या कोर्टात वेगळा शब्द आहे.

इथे विनोबांचे पुढचे चरित्र घेऊ. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वांना माहीत आहे. आपल्याकडचा एवढा खपलेला ग्रंथ गजाआड जन्मला, याचे मला फार वाटते. पण मला सांगायचे आहे ते 1960चे. चंबळच्या खोऱ्यातला मानसिंग मारला गेला होता आणि त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिले. मे महिन्यात विनोबा त्या भागात पायी फिरले आणि वीसएक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. वाहवा झाली. टीकाही झाली. पोलीस खात्यातून नाराजी निघाली की, आमची माणसे या लोकांच्या गोळ्यांनी मेली आणि आता यांच्या गळ्यात हार!

ही नाराजी मी उडवून लावत नाही. ज्या शिपायाची बायको विधवा झाली तिने त्या फोटोकडे कसे पाहिले असेल? विनोबांनी त्यांना सुटकेचे आश्वासन दिले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. शरण आलेले लोक कोर्टापुढे उभे राहिले, शिक्षा भोगायला गेले. विनोबांनी शिक्षा माफ केली नाही, ती त्यांच्या हातात नव्हती. त्यांनी माणसाला माणूस म्हणून जवळ घेतले आणि म्हणाले, जा, आता कबूल करा. पुढे 1972 साली जयप्रकाशजींपुढे मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारखे नामांकित दरोडेखोर आले, त्यांची संख्या तर शेकड्यांत गेली. बंदुका खाली आल्या, हे फार मोठे काम झाले. पण मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांच्या दारात कोण गेले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. अभय मिळाले, हातावर विभूती कोणी ठेवली?

विश्वास टाकला तर माणूस बदलतो, याबद्दल मला शंका नाही. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, भिंतीशिवायचा तुरुंग. पंतप्रतिनिधींचे राज्य, आणि त्यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा गृहस्थ, जो इकडे येऊन भारतानंद झाला. कैदी तिथे शेती करत आणि कुटुंबासह राहत. त्यावरूनच शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, 1957 साली, कथा गदिमांची. आमच्या पिढीने तो रडत रडत पाहिला. पण तुमच्या-आमच्या आळीत शिक्षा भोगून आलेला माणूस खोली भाड्याने मागायला आला तर? मी स्वतः दिली नसती, खरे सांगतो.

आणि शिक्षा तरी कोण भोगतो? आपल्या देशाच्या तुरुंगांत असलेल्या चार माणसांपैकी तिघांचा निकालच लागलेला नाही, ते कच्चे कैदी आहेत. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा नाही, पावती नाही, ओळखीचा माणूस नाही. पुतण्यासाठी घरातलंच पोर आहे म्हणणारे जामीनदार पन्नास मिळतात.

कायद्यात वाट नाही असे नाही. परिवीक्षेचा कायदा 1958 सालचा आहे. पहिल्यांदा चुकलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते आणि त्याच वेळी त्याने नुकसानभरपाई द्यावी असा हुकूमही करता येतो. बंधपत्रे मी पुष्कळ लिहिली, भरपाईचे हुकूम मात्र बोटांवर मोजण्याइतके. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजारांच्या आतल्या चोरीत, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. आधी परत कर, मग सेवा कर. हे वाचले तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण दहावा अध्याय आठवला. कायदा लिहिणाऱ्याने पोथी वाचली असेल असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातून मोडले त्याच्याच हातून जोडून घ्यायचे, ही गोष्ट दोन्हीकडे आली आहे.

महाराजांनी विभूती तस्कराच्या हातावर का दिली, याचे मला सुचलेले उत्तर असे. नुसते अभय देऊन सोडले असते तर तो पळाला असता, आणि आपण वाचलो एवढेच त्याच्या ध्यानात राहिले असते. महाराजांनी त्याला प्रेताजवळ बसवले. ज्या टोळीत तो चालत आला होता तिने काय केले ते जवळून पाहायला लावले, हात लावायला लावला. आणि ब्राह्मण उठल्यावर त्याच्या नजरेला नजर देऊन, मी त्यांच्यातलाच आहे, हे सांगायला मागे ठेवले. माझ्या दृष्टीने त्या चोराची शिक्षा तीच आणि मुक्तीही तीच. जाणकारांचा अर्थ वेगळा असेल, मी पंडित नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या सप्ताहात दहावा अध्याय वाचताना आवाज फुटेना. सप्ताह संपल्यावर वाडीवर गेलो. छत्तीस वर्षांनी. तो आता नातवंडांचा आजोबा, भट्टीवर जायच्या तयारीत होता. मी ओळख सांगितली. त्याने उजवा कान पुढे केला, “इकडून बोला, डाव्यानं ऐकू नाय येत.”

मी सगळे सांगितले. लाकूडफाट्याचेही. तो ऐकत होता, बायको चुलीशी होती तीही ऐकत होती. माफ कर म्हणालो. तो काहीच बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई म्हनायची, तो पोरगा बोलला आसता तर वाचला आसतास.” म्हणजे त्यांना माहीत होते. मी पायरीवर उभा होतो हे त्यांना छत्तीस वर्षे माहीत होते.

माफ केले असे तो म्हणाला नाही. मीही पुन्हा मागितले नाही. उठताना त्याने विचारले, “भाऊसाहेब, तुमी कोर्टात होता ना? नातवाचा जातीचा दाखला होत नाय. शाळेवाले मागतात.” जुना पुरावा नाही, आजोबांच्या नावाची कुठे नोंद नाही. मी म्हटले, बघतो. जुन्या शाळांचे रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदी, गावचे जुने दप्तर असे करत करत एका बुरशी आलेल्या पानावर त्याच्या चुलत्याचे नाव सापडले. चकरा किती मारल्या ते मोजले नाही. एकतीस वर्षे टेबलाच्या अलीकडे बसलो होतो, पलीकडे उभे राहायला काय लागते ते तेव्हा कळले.

अकरा महिन्यांनी दाखला हातात आला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मी तो घेऊन वाडीवर गेलो. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला, नातवाला हाक मारली, वाचायला लावला. मग बायकोला म्हणाला, “यांना च्या ठेव.” आणि मला म्हणाला, “बसा. या बाजूला बसा, इकडून ऐकू येतंय.”